पोट पुढे, खांदा अरुंद: मुलांच्या अंगावर पेपर पॅटर्न बसवताना

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या इंदिरानगरातल्या एक ताई मुलांचे कपडे घरीच शिवतात. मुलगी ७ वर्षांची, उंची ४४ इंच, छाती २६, कंबर २६, सीट (नितंबांचा घेर) २८. वयाप्रमाणे घेतलेला फ्रॉकचा पॅटर्न पोटावर बसत नाही. १० वर्षांचा घेतला तर खांदे उतरतात, आणि तरीही पुढून घेर वर उचललेला दिसतो. मुलगा १० वर्षांचा, उंची ५५, छाती साडेपंचवीस, कंबर २२. त्याची शाळेची पँट एकतर कंबरेतून घसरते, नाहीतर घोट्याच्या वर राहते. कागदात बदल कुठे करायचा आणि किती?

ताई, आधी पॅटर्नच्या पाकिटावरचं वय विसरा. अमेरिकन पद्धतीच्या तक्त्यात ७ नंबर म्हणजे छाती २६, कंबर २३, सीट २७. १० नंबरला छाती थेट साडेअठ्ठावीस होते. युरोपियन पॅटर्न उंचीवर चालतात: ११०, ११६, १२२, १२८ सेंटिमीटर, दर नंबरला ६ सेंटिमीटरची पायरी. तुमची मुलगी ११२ सेंटिमीटरची आहे, म्हणजे तिथे ती ११० आणि ११६ च्या मध्ये येईल आणि रुंदीला कुठलाच नंबर पुरणार नाही. ७ नंबरचा कागद कंबर छातीपेक्षा ३ इंच कमी धरतो. तुमच्या मुलीची कंबर छातीइतकीच आहे. सगळा घोळ त्या ३ इंचांचा आहे आणि तो मुख्यतः पुढच्या भागात सोडवायचा आहे. १० नंबर घेऊन तुम्ही तो गळ्यापासून घेरापर्यंत सगळीकडे वाटून टाकलात, म्हणून खांदे उतरले.

नंबर निवडताना गळा, खांदा आणि मुंढा (जिथे बाही जोडतात ती गोलाई) या तीन जागा पाहायच्या. कागदावर बदलायला त्याच सगळ्यात किचकट. पोट, लांबी, घेर हे सगळं नंतर वाढवता-घटवता येतं. म्हणून मुलीला ७ नंबर. मूल याहून गुबगुबीत असेल, छाती खांद्याशी जुळणाऱ्या नंबरच्या छातीपेक्षा २ इंचांहून जास्त असेल, तर छातीचा नंबरही घेऊ नका. पाठीवरून एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत माप घ्या, ज्या नंबरशी ते जुळेल तो घ्या आणि छातीही कापून वाढवा.

माप घेण्यात निम्मं काम आहे. लहान मुलांना कंबर अशी दिसत नाही, म्हणून पाव इंची इलॅस्टिक पोटाभोवती बांधा आणि मुलाला दोन-तीनदा बाजूला वाकायला सांगा. ते जिथे स्थिरावेल ती कंबर. इलॅस्टिक जमिनीला समांतर आहे का, हे बाजूने बघा. पोट मोठं असलं की ते पुढून खाली घसरतं. टेप लागला की मुलं पोट आत ओढतात, तेव्हा पाढे म्हणायला लावा आणि बोलता बोलता माप घ्या. पुढची लांबी गळ्याच्या खळग्यापासून पोटावरून इलॅस्टिकपर्यंत, मागची मानेच्या हाडापासून इलॅस्टिकपर्यंत. ही दोन्ही मापं कागदाच्या पुढच्या-मागच्या लांबीशी वेगवेगळी ताडून बघायची आहेत. दंडाचं माप कोपर वाकवून घ्या. गणवेशाचं माप असेल तर आत थर्मल घालून घ्या. नाशिकची जानेवारीतली सकाळची शाळा माहीत असेल तर याचं कारण सांगायला नको.

कागदावर काही करण्याआधी दाब (शिवणीसाठी सोडलेली जास्तीची जागा) किती धरलाय ते पाहा. अमेरिकन पॅटर्नमध्ये ५ सूत दाब आत धरलेला असतो (८ सूत म्हणजे १ इंच). युरोपियन मासिकांतल्या कागदात बहुतेक वेळा दाब नसतोच, तो आपण सोडायचा. फाइल घेऊन झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढत असाल तर कागदाच्या आकारात बसवण्याचा पर्याय बंद करायला सांगा आणि पहिल्या पानावरचा चाचणीचा चौकोन टेपने मोजा. तो एक सूत कमी आला तर पूर्ण फ्रॉकला एखाद इंचाचा फटका बसतो. मूळ कागद कापू नका. बटर पेपरवर किंवा खाकी कागदावर उतरवून घ्या. उभ्या धाग्याची रेघ, छातीची रेघ, कंबरेची रेघ सगळं उतरवा.

आता मुलीचा कागद. क्रम पाळायचा: आधी लांबी, मग रुंदी, बाही शेवटी. उलट केलंत तर केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

७ नंबरचा कागद तिच्यापेक्षा बऱ्याच उंच मुलीसाठी आहे. पाठीची लांबी कागदात साडेअकरा असेल आणि तुमच्या मुलीची साडेदहा भरली, तर मुंढा आणि कंबर यांच्या मध्ये पुढच्या आणि मागच्या दोन्ही भागांना आडवी १ इंचाची घडी घाला. घडी मुंढ्यातून जाऊ देऊ नका. त्यानंतर बाजूची शिवण पट्टी लावून सरळ करून घ्या, घडीपाशी पायरी राहते.

रुंदीचा हिशोब असा. कागदाची कंबर २३, त्यावर लूझिंग (अंगाच्या मापावर ठेवलेला सैलपणा) समजा अडीच, म्हणजे तयार माप साडेपंचवीस. तुम्हाला हवंय २६ अधिक अडीच, साडेअठ्ठावीस. फरक ३ इंच. बहुतेकजण हे ३ इंच दोन्ही बाजूंच्या शिवणीत वाटून मोकळे होतात. मग फ्रॉक बाजूंना झोळासारखा लोंबतो आणि पोटावर मात्र ताणलेलाच राहतो, कारण पोट बाजूला नाही, पुढे आहे. २ इंच पुढे आणि १ इंच मागे द्या. पुढचा भाग कापडाच्या दुमडीवर ठेवून कापला जातो, म्हणजे अर्ध्या कागदाला १ इंच वाढ: त्यातले पाऊण इंच कागद कापून, पाव इंच बाजूच्या शिवणीत. मागच्या अर्ध्या कागदाला अर्धा इंच: पाव बाजूला, पाव टक (चिमटीत घेऊन शिवलेलं कापड) कमी करून. टक नसेल तर मागेही बाजूलाच पूर्ण अर्धा द्या.

कापायचं कसं: पुढच्या भागावर खांद्याच्या मध्यापासून कंबरेपर्यंत, मधल्या रेषेला समांतर एक उभी रेघ मारा. कंबरेच्या २ इंच वर, मधल्या रेषेपासून या उभ्या रेघेपर्यंत एक आडवी रेघ. उभी रेघ कंबरेकडून वर कापत जा आणि खांद्यापाशी एक सूत कागद तसाच ठेवा, तो बिजागरीचं काम करेल. आडवी रेघ पूर्ण कापा. खाली कोरा कागद ठेवा, बाजूचा तुकडा बाहेर फिरवून कंबरेपाशी पाऊण इंच फट पाडा. मग मधला खालचा तुकडा सरळ अर्धा इंच खाली सरकवा. मधली रेषा पट्टीला लागून सरळ राहिली पाहिजे, नाहीतर दुमडीवर ठेवताना फसाल. चिकटपट्टी लावा आणि कंबरेची नवी रेघ ओढा: मध्यात अर्धा इंच खाली, बाजूच्या शिवणीकडे वर जाणारी, चंद्रकोरीसारखी.

तो अर्धा इंच सोडू नका. पोटावरून जायला कापडाला जास्त अंतर लागतं. रुंदी दिली आणि लांबी दिली नाही तर कापड ती लांबी घेरातून ओढून घेतं, आणि पुढचा घेर वर उचलला जातो. तुमच्या १० नंबरच्या फ्रॉकला तेच झालंय. तिथे रुंदी भरपूर होती. किती खाली न्यायचं हे मघाचं माप सांगेल: खळग्यापासून पोटावरून घेतलेली लांबी आणि घडी घातलेल्या कागदाची लांबी यांतला फरक. साधारण अर्धा ते पाऊण इंच येतो. १ इंचाच्या वर आला तर इलॅस्टिक पुढे घसरलं होतं का ते पुन्हा बघा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. खांद्यापासून फिरवल्यामुळे छातीतही अर्ध्या कागदाला सुमारे पाव इंच वाढ मिळते, म्हणजे पुढच्या भागाला अर्धा इंच. मुलीला ते चालतं, मुंढ्याला त्रास होत नाही. छातीत आधीच ऐसपैस असेल तर मात्र बाजूच्या शिवणीतून छातीपाशी तेवढं काढून टाका.

खालच्या घेराच्या चुण्या मधोमध घालू नका. पोटावर चुण्यांचा गठ्ठा आला की पोट दुप्पट दिसतं. मधले ४ इंच सपाट ठेवून चुण्या बाजूंना द्या. प्रामाणिक सल्ला विचाराल तर अशा अंगाला कंबरेची शिवणच नको: छातीवर योक (वरची वेगळी पट्टी) आणि खाली ए-लाइन (खाली रुंदावत जाणारा घेर), किंवा खांद्यापासून उभ्या कळ्यांचा फ्रॉक. बेल्ट तर नकोच.

बाहीकडे वळू. गुबगुबीत दंडाला बाही घट्ट झाली की टेलर मुंढा खोल कापतो. ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. मुंढा खोल गेला की हात वर केल्यावर बाजूची शिवण, कंबर आणि घेर सगळं सोबत वर येतं. मूल फळ्यावर लिहायला उभं राहिलं की पोट उघडं. मुंढ्याचा तळ काखेच्या अर्धा ते पाऊण इंच खालीच ठेवा. वाढवायची ती बाहीची रुंदी: दंडाच्या मापावर दीड ते २ इंच लूझिंग. बाहीच्या मधोमध उभी रेघ आणि काखेच्या उंचीवर आडवी रेघ मारा, दोन्ही कापा, पण चारही टोकांना एकेक सूत कागद शिल्लक ठेवा. आता दोन्ही बाजू बाहेर ओढल्या की उभी फट उघडते आणि आडव्या रेघेवर कागद एकमेकांवर चढतो. अर्धा ते पाऊण इंच मिळतो, वरच्या गोलाईची उंची थोडी कमी होते, पण तिच्या शिवणीची लांबी तीच राहते. म्हणून बाही त्याच मुंढ्यात बसते. बाही दंडावरच संपत असेल तर खालचं टोकही पूर्ण कापून उघडा. मुंढ्याची आणि बाहीची गोलाई टेप उभा धरून मोजा. बाही अर्धा इंचच जास्त असावी.

आता मुलाची पँट. इथे नंबर कंबरेवरून घ्यायचा. २२ कंबरेला ६ नंबरचा कागद, तयार कंबरेत मागून इलॅस्टिक. उंची कागदात वाढवायची. आतली शिवण कागदात साडेएकवीस असेल आणि मुलाची साडेपंचवीस भरली, तर ४ इंच लागतात. ते सगळे खालच्या दुमडीत देऊ नका. पँट खाली निमुळती होत जाते. टोकाला वाढवत गेलात तर मोहरी (पँटीच्या खालच्या टोकाची रुंदी) पार अरुंद होते आणि गुडघ्याची जागा मांडीवर येते. २ इंच गुडघ्याच्या वर, २ इंच खाली, असं कापून उघडा, पुढे-मागे दोन्ही भागांना सारखं.

घसरण्याचं खरं कारण बऱ्याचदा कंबर नसतंच, मागचं आसन (कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग) असतं. मूल बाकावर बसलं की पाठीमागे कापड जास्त लागतं. आसन आखूड असेल तर दर वेळी बसताना ते कंबरपट्ट्यालाच खाली ओढतं, मग इलॅस्टिक कितीही आवळा. मुलाला लाकडी स्टुलावर बसवा आणि बाजूने इलॅस्टिकपासून स्टुलाच्या फळीपर्यंत माप घ्या. त्यात अर्धा इंच मिळवा. समजा साडेआठ भरलं, म्हणजे ९ हवेत. कागदात साडेआठ असेल तर आसनाच्या वर आडवं कापून पुढे-मागे अर्धा इंच उघडा. त्यानंतर फक्त मागच्या भागाला सीटच्या रेघेवर, मधल्या शिवणीकडून बाजूकडे कापत जा, बाजूला बिजागरी ठेवा आणि मध्ये अर्धा इंच उघडा. बाजूची शिवण बदलत नाही, मागची मधली शिवण तेवढी लांब होते. लंगोट बांधणाऱ्या लहान बाळाच्या पँटीला हीच युक्ती, फक्त मध्ये १ इंच. बाळाच्या पँटीत आसनाला ३ इंची चौकोनी कळी घातली तर रांगताना शिवण उसवत नाही.

कंबरपट्टा पुढे सपाट ठेवा आणि मागे नेफ्यात काजांचं इलॅस्टिक घाला, आतून बाजूच्या शिवणीपाशी बटणं लावा. आता ४ काजं ओढून लावायची, मूल भरलं की सोडत जायची. साधं इलॅस्टिक घालायचं असेल तर कंबरेच्या मापापेक्षा २ इंच कमी कापा, जोडाला १ इंच वेगळा धरा.

चाचणीला चांगलं कापड कापू नका. मांजरपाट किंवा मालेगावचं कोरं कापड पुरतं, पण आधी भिजवून वाळवून घ्या. सुती कापड मीटरमागे ३ ते ५ सेंटिमीटर आटतं आणि तुमचा सगळा अर्धा इंचाचा हिशोब त्यात बुडतो. हे फ्रॉकच्या कापडालाही लागू. टेरिकॉटला त्याची फारशी भीती नाही. चाचणीच्या कापडाला बाजूला १ इंच दाब सोडा, मोठा धावदोरा घाला. गळ्याचा दाब मात्र कापून टाका, नाहीतर गळा खोटाच घट्ट लागतो आणि तुम्ही खोल कापून बसता.

मग मुलाला हात वर करायला, बसायला, वाकायला सांगा आणि कापडाकडे बघा. ताणलेल्या रेघा जिथे बोट दाखवतात तिथे कापड कमी आहे; सैल झोळ जिथे लटकतो तिथे जास्त. पाठीवर कंबरेच्या वर आडवी घडी पडत असेल तर पाठीची लांबी जास्त झालीय. पोट पुढे काढून, कंबर आत घेऊन उभ्या राहणाऱ्या लहान मुलांत हे हमखास दिसतं. मागच्या मधल्या रेषेवर ३ सूत टाचून घ्या आणि बाजूच्या शिवणीकडे शून्यावर आणा. शर्ट सारखा मागे सरकतो, मूल गळा पुढे ओढत राहतं, तर खांदे पुढे झुकलेले आहेत: पुढच्या खांद्यातून २ सूत काढा आणि तेवढेच मागच्या खांद्याला जोडा. गळा मोठा करून हे सुटत नाही.

एकच खांदा खाली असेल तर उजव्या-डाव्या बाजूचे वेगळे कागद करा आणि दुमडीवर कापू नका. खाली असलेल्या बाजूला खांद्याचं टोक २ सूत उतरवा आणि मुंढ्याचा तळही तितकाच उतरवा, नाहीतर मुंढा लहान होतो. फरक डोळ्यांना दिसण्याइतका असेल, किंवा पाठीचा एक भाग वाकल्यावर वर येत असेल, तर शिलाई बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण अनेकांना लागतं म्हणून: व्हीलचेअरवर बसणाऱ्या मुलाच्या पँटीला मागचं आसन २ इंच वर, पुढचं १ इंच खाली, आणि मागे खिसा नको, त्याची शिवण रुतते. हात ताठ राहणाऱ्या मुलाला बाही लावलेला बंद शर्ट घालणं म्हणजे रोजची झटापट. रॅग्लन बाही (गळ्यापासूनच तिरकी जोडलेली) आणि पुढून पूर्ण उघडणारा शर्ट शिवा, काजांऐवजी वेल्क्रो. पायाला स्प्लिंट (आधाराची पट्टी) असेल तर स्प्लिंटसकट घोट्याचं माप घ्या आणि आतली शिवण गुडघ्यापर्यंत उघडी ठेवून चेन लावा.

शेवटी ते आपलं लाडकं ‘वाढत्या अंगाचं शिवा’. टेलरला असं सांगितलं की तो सगळीकडे २ इंच सोडतो आणि मूल वर्षभर पोत्यात फिरतं. ५ ते १० वयात मुलं वर्षाला ५-६ सेंटिमीटर उंच होतात. छाती, खांदा त्या मानाने फारच कमी वाढतात. म्हणून वाढ लांबीत ठेवा. फ्रॉकला ३ इंची दुमड, बाहीला १ इंच, पँटीला अडीच. बाजूच्या शिवणीत कंबरेपासून काखेखाली २ इंचांपर्यंत पाऊण इंच दाब ठेवा, तिथून वर निमुळता करत ३ सुतावर आणा; काखेत जाड दाब टोचतो. गडद रंगाच्या गणवेशात दुमड सोडली की जुनी रेघ दिसते, त्यासाठी दुमडीच्या आत, पहिल्या धुण्याआधीच एक टक घालून ठेवा. जूनच्या मध्यात शाळा उघडते. चाचणीचं कापड एप्रिलमध्ये नको, मेच्या अखेरीला अंगावर घाला.

पाडव्यासाठी येवल्याच्या रेशमाचं परकर-पोलकं शिवणार असाल तर वरचा कागद पोलक्याला तसाच चालतो, फक्त कंबरेखाली २ इंच वाढवा आणि पोट पुढे असलेल्या मुलीचं पोलकं पुढून अर्धा इंच लांब ठेवा. रेशमात शिवण उसवली की सुईची भोकं राहतात, त्यामुळे इथे चाचणीचं कापड टाळायचं नाही. परकराची काठाची बाजू कधीच कापू किंवा दुमडू नका. वाढीचे ३ इंच वर नेफ्याच्या खाली आतून टक घालून ठेवा, लांब टाक्यांनी आणि रेशमी दोऱ्याने.